खिळा नाही, दोरा नाही!

कोल्हापुरी चप्पल उलटी करून तिचा तळ कधी नीट पाहिलाय? नसेल तर आजच पाहा. टाचेच्या कडेनं बारीक टाके गेलेले दिसतील, आणि ते दोऱ्याचे नसतील, चामड्याच्या वादीचे असतील. तळ चामड्याचा, पट्टा चामड्याचा, वरची वेणी चामड्याची आणि हे सगळं धरून ठेवणारी शिवणसुद्धा चामड्याचीच! खिळा एकही नाही. निपाणीजवळच्या एका घराच्या सोप्यात बसून हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलेय.

“खिळा कशाला लागतोय?” हातातली आरी न थांबवता त्या घरातल्या मावशी म्हणाल्या. “चामडंच चामड्याला धरतंय की!”

निपाणी म्हटलं की मला तंबाखूच्या वखारी आठवायच्या. चप्पल म्हटलं की कोल्हापूर. पण ‘कापशी’ नावाची जी देखणी चप्पल आपण दुकानात मागतो, तिला नाव दिलं ते सेनापती कापशी या गावानं, आणि ते कागल तालुक्यात, निपाणीपासून फार लांब नाही. इकडे अथणी, मदभावी, निपाणी या पट्ट्यात घराघरांतून चपला शिवल्या जातात. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला बळ दिलं, हे आपण ऐकलेलं असतं, म्हणून ही चप्पल एकट्या कोल्हापूरची वाटते. २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात मात्र जिल्हे आठ आहेत. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेवरून इतकी वर्षं भांडणाऱ्या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी हे मानांकन मिळून मागितलं आणि मिळून मिळवलं! मला तर हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पण खरी गंमत चप्पल शिवायच्या आधीच सुरू होते. मावशींचे मालक, सगळे त्यांना काका म्हणतात, कातडं कमावण्याची रीत सांगत होते आणि मी लिहून घ्यायचंही विसरून ऐकत होते. कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं म्हणजे केस सुटतात. मग बाभळीची साल आणि हिरडा. आणि मग त्या कातड्याचीच मोठी पिशवी शिवायची, तिच्यात सालीचं पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची! पाणी आतून बाहेर हळूहळू झिरपतं आणि झिरपता झिरपता कातड्याचं चामडं होतं. म्हणजे भांडंही तेच आणि पदार्थही तोच. हे कुणाला सुचलं असेल? जगातलं बहुतेक चामडं आज क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात, झटपट. इथला तो मधासारखा तपकिरी रंग वरून फासलेला नसतो, बाभळीनं दिलेला असतो, म्हणून वापरता वापरता तो आणखी खुलत जातो.

या घरातली सून मावशींच्या शेजारीच बसली होती. तिच्या हातात जे होतं ते बघून मी जवळजवळ ओरडलेच. नेहमीची गोल, घट्ट वेणी तिनं उलगडून चपटी केली होती, टोपलीच्या विणीसारखी, पट्टाभर रुंद. गोंडा नाही, जर नाही. कान, म्हणजे पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या पाकळ्या, मात्र ठेवलेले, अगदी लहान. “कान काढलं तर ती कोल्हापुरी कशी ऱ्हाईल, ताई?” ती म्हणाली. नव्यातलं काय घ्यायचं आणि जुन्यातलं काय सोडायचं नाही, याचा निवाडा तिनं रापीनं कापतानाच केलेला होता. तिच्या त्या जोडीपुढे शहरातल्या चकचकीत दुकानातल्या कितीतरी चपला मला ओशाळवाण्या वाटल्या.

आणि ती एकटी नाही. अथणीत ‘टोहोल्ड’ या नावानं कारागिरांचे बचत गट उभे राहिले, १९९०च्या दशकाच्या अखेरीस, मधुरा छत्रपती यांच्या पुढाकारानं. घरातल्या बायका वेण्या घालायच्या, शिवायच्या, आणि बाजारात व्यवहार पुरुष करायचे. इथे बायका मालकीण झाल्या. नवे आकार, नवे रंग, परदेशी पायांची ठरीव मापं, सगळं शिकून घेतलं आणि अथणीची चप्पल परदेशात गेली. शिवण मात्र वादीचीच राहिली.

मग आलं २०२५. जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये ‘प्राडा’च्या मॉडेलांच्या पायांत हुबेहूब आपली चप्पल दिसली, कोल्हापूरचं नावही न घेता. केवढा गदारोळ झाला! कंपनीला मूळ कबूल करावं लागलं, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या त्याच महामंडळांशी करार झाला. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात २,००० जोड बनवायचे ठरले, एका जोडाची किंमत साधारण ८०० युरो. यातलं आरी धरणाऱ्या हाताला किती मिळतं, यावर आपण सगळ्यांनी डोळा ठेवला पाहिजे. पण इटलीला मोह पडावा असं काहीतरी इथल्या सोप्यात रोज घडतंय, हेही त्यामुळे सगळ्यांना दिसलं.

या कामाला आपल्याकडे शतकानुशतकं हलकं मानलं. चप्पल मिरवायची आणि ती करणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, याचा मला संताप येतो. या भागात बाराव्या शतकातल्या चर्मकार शरण हरळय्यांची कथा सांगतात. हरळय्यांनी गुरू बसवण्णांना नमस्कार केला तर बसवण्णांनी उलट दोनदा केला, त्या ऋणातून मोकळं व्हायला हरळय्या आणि त्यांच्या पत्नी कल्याणम्मांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे शिवले. बसवण्णांनी ते पायात घातले नाहीत, आपली तेवढी योग्यता नाही म्हणाले. मावशींची बोटं वादी ओढताना बघत असताना मला ही कथा पहिल्यांदा नीट कळली.

पावसाळ्यात चामडं वाळत नाही, कामं मंदावतात. म्हणून काकांनी दिवाळीनंतर यायला सांगितलंय. टांगलेली ती फुगलेली पिशवी बघायला मी जाणारच आहे. आणि त्या चपट्या वेणीच्या जोडीसाठी पायाचं माप तर देऊनच आलेय!