तळ दिसणारं पाणी

आमच्या देवगाव रंगारीच्या शिवारात विहिरीचा तळ दिसला की माणसं कमी बोलायला लागतात. होळीच्या सुमारास कुणीतरी कठड्यावरून वाकून बघतं, "तळ दिसायला लागला" एवढंच म्हणतं, आणि पुढचं सगळं तिथंच ठरतं. अद्रक ठेवायची की आत्ताच काढायची, बोअर आणखी खाली न्यायचं का, टँकरचा विषय ग्रामपंचायतीत कधी काढायचा. भरलेली विहीर कशी, हिरवीकाळी, पोटातलं काही न सांगणारी. आत काही दिसत नाही म्हणजे पाणी आहे, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब.

हे डोळे घेऊन मी फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्जला गेले. लेक आणि जावई तिकडेच नोकरीला असतात. जानेवारीचा महिना, सकाळी स्वेटर लागेल अशी थंडी. ओकाला शहराच्या पूर्वेला हे झऱ्यांचं उद्यान आहे. जमिनीतून उसळणाऱ्या अनेक झऱ्यांची मिळून सिल्व्हर नदी होते आणि आठेक किलोमीटर वाहून ती ओक्लावाहा नदीला मिळते. या पाण्यात पोहायला मनाई आहे. पाहायचं तर काचेच्या तळाच्या बोटीतून, नाहीतर कयाक घेऊन. बोटीत बसायला मी एका पायावर तयार होते. लेक म्हणाली, "आई, बोटीत तू शाळेच्या सहलीसारखी रांगेत बसशील. कयाकमध्ये चल." तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला सहलीचा टोमणा बरोबर लागतो.

कयाक म्हणजे लांबट, सपाट, हलकी होडी. तीत बसलं की आपण पाण्याच्या वर नसतो, जवळजवळ पाण्याच्या पातळीलाच असतो. जॅकेटचे पट्टे जावयांनी ओढून घट्ट केले, "आई, तुम्ही पुढं बसा, दिशा ती सांभाळेल" म्हणाले आणि होडी ढकलून दिली. वल्ह्याला दोन्हीकडे पाती असतात. एक बुडालं की दुसरं वर येतं आणि थेट मांडीवर ठिबकतं. पाणी मुळीच गार लागलं नाही. बारा महिने ते साधारण २२ अंश सेल्सिअसवर असतं. बाहेर हुडहुडी भरलेली असताना मांडीवर कोमट थेंब पडत होते.

काठ सोडून मुख्य झऱ्यावर आलो आणि मी खाली पाहिलं. तीसेक फूट खाली तळ. त्यावरची पांढरी वाळू, लवलव करणारं पाणगवत, त्यातून फिरणारे मासे आणि त्या सगळ्यावरून सरकणारी आमच्याच होडीची सावली. मी वल्हं आडवं धरलं आणि दोन्ही हातांनी होडीच्या कडा पकडल्या. भीती बुडण्याची नव्हती, पडण्याची होती. दौलताबादच्या किल्ल्यावरून खाली डोकावताना गुडघ्यात जी कळ येते, तीच कळ होडीत बसल्या बसल्या आली. पाणी आहे हे डोळ्यांना पटतच नव्हतं, अधांतरी टांगल्यासारखं वाटत होतं. लेक मागून हसत होती. तिनं वल्ह्यानं पाण्यावर एक चापट मारली, पृष्ठभाग थरथरला, तळ मोडला आणि माझा जीव खाली आला. गढूळपणाचा असा आधार वाटावा, हे मराठवाड्याच्या माणसालाच कळेल.

हे पाणी इतकं नितळ का, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलंही होतं. आपल्या पायाखाली काळा बेसॉल्ट आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत जेवढं पाणी मावेल तेवढंच, म्हणून शेजारच्या बोअरला पाणी लागतं आणि आपल्याला धूळ. फ्लोरिडाखाली चुनखडी आहे. पावसाचं पाणी मातीतून मुरताना किंचित आम्लधर्मी होतं, चुनखडी विरघळवत जातं आणि हजारो वर्षांत आत भुयारं तयार होतात. त्या खडकातून गाळून आलेलं पाणी दाबानं वर फुटतं तो हा झरा. काळ्या दगडातलं वेरूळ माणसानं छिन्नीनं कोरलं. इथं पाण्यानं आतल्या आत लेणी कोरली आहेत, तीही अजून चालू आहेत. मुख्य झऱ्याचं तोंड एका कपारीसारखं दिसतं. तिथून पाणी येताना काही दिसत नाही, फक्त तोंडाशी गवत सतत एका बाजूला झुकलेलं असतं.

काचेच्या तळाच्या बोटी इथं १८७० च्या दशकापासून चालतात. आज त्या विजेवर, आवाज न करता जातात. त्यांची वाट आली की कयाकवाल्यांनी बाजूला व्हायचं. आम्ही थांबलो तेव्हा खाली पाण्यात पुतळे दिसले. मला क्षणभर वाटलं, एखादं बुडालेलं देऊळ. लेकीनं सांगितलं, १९६० च्या दशकातल्या एका टीव्ही मालिकेच्या चित्रीकरणासाठी ते टाकले आणि तिथंच राहिले. टारझनच्या सिनेमांचं चित्रीकरणही इथं झालेलं आहे. एवढं स्वच्छ पाणी दिसल्यावर सिनेमावाले कसले सोडतात!

झऱ्यापासून खाली वाहत गेलो तशी गर्दी मागं राहिली. दोन्ही काठांना सायप्रसची झाडं, पाण्यातून त्यांच्या मुळांचे गुडघे वर आलेले, फांद्यांवरून राखाडी शेवाळासारख्या जटा लोंबणाऱ्या. एका ओंडक्यावर कासवं ऊन खात बसली होती, जागा नाही म्हणून एकमेकांच्या पाठीवर. पंख पसरून वाळवणारा ॲनहिंगा दिसला. आपल्या तिरंदाज पक्ष्याचा हा चुलत भाऊ, मान तशीच सापासारखी. जायकवाडीच्या फुगवट्यावर पाणकावळे असेच पंख उघडून बसलेले असतात. काठावरच्या गवतात एक अ‍ॅलिगेटर पडला होता. मगरीच्या या जातभाईचा जबडा रुंद आणि बोथट असतो. त्यानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र वल्हं मारायचा वेग वाढवला आणि लेकीनं तो मुद्दाम कमी केला.

सुमारे दीड किलोमीटर खाली गेल्यावर ती म्हणाली, "इथं पॅराडाइज पार्क होतं." काठावर झाडीशिवाय काही नव्हतं. सिल्व्हर स्प्रिंग्ज एके काळी फक्त गोऱ्यांसाठी होतं. काळ्या माणसांसाठी त्याच मालकांनी १९४९ मध्ये खालच्या अंगाला वेगळं उद्यान काढलं, तेच पाणी, तशाच काचेच्या बोटी, फक्त काठ वेगळा. ते १९६९ मध्ये बंद झालं. झरा एक, नदी एक, वरून खाली वाहणारं पाणी एकच, आणि काठ दोन. महाडच्या चवदार तळ्याचा धडा दरवर्षी २० मार्चच्या आसपास आमच्या शाळेत होई. पाणवठा कुणाचा, हे भांडण आमच्यापुरतंच नाही हे मला माहीत होतं, पण तो काठ वल्हं थांबवून बघताना ते वेगळं वाटलं. वरच्या अंगाची माणसं आणि खालच्या अंगाची माणसं, ही वाटणी कळायला आमच्या गावातही भूगोलाचं पुस्तक लागत नाही.

थोडं पुढं गेलो तर झाडावर खसफस. लाल तोंडाची माकडं! उत्तर हिंदुस्थानातली ऱ्हीसस जात. टारझनच्या शूटिंगमधून पळालेली, अशी वदंता आहे. खरी गोष्ट अशी की, १९३० च्या दशकात जंगल सफरीच्या बोटी चालवणाऱ्या एका गृहस्थानं पर्यटकांना गंमत म्हणून काही माकडं नदीतल्या बेटावर सोडली. माकडांना पोहता येतं हे त्याला माहीत नव्हतं. ती पोहून काठावर गेली आणि आता पिढ्या झाल्या. त्यांच्यात माणसाला घातक ठरू शकणारा हर्पीस बी विषाणू असतो, म्हणून जवळ जायचं नाही, खायला द्यायचं नाही. एक माकडीण पिल्लाला छातीशी धरून आमच्याकडे बघत होती. तिकडच्या लोकांना तिचं कौतुक. मला वेरूळच्या वाहनतळावर हातातली केळी पळवणारे आठवले आणि मी पर्स मांडीखाली दाबली.

मॅनाटी, म्हणजे समुद्रगाय, दिसली ती परतीच्या वाटेवर. परतीला प्रवाह विरुद्ध, खांदे भरून आलेले, मी खाली मान घालून वल्हं ओढत होते. एकदम गवतात एक धोंडा हलला. राखाडी, अंगावर शेवाळ, आमच्या होडीएवढा लांब. लेक हळूच म्हणाली, "वल्हं वर घे." आम्ही दोघी हात वर धरून तशाच थांबलो. तो धोंडा वर आला, पाण्याबाहेर नाकपुड्या आल्या, दोन झाकणं उघडावीत तशा उघडल्या, फुस्स करून श्वास सोडला आणि परत मिटल्या. मिटताना फट राहिली नाही. मग ती खाली गेली आणि पुढच्या वल्ह्यासारख्या हातांनी गवत तोंडात ओढायला लागली. त्या हातांवर नखं होती. हत्तीच्या पायाला असतात तशी, चपटी, बोथट नखं. मॅनाटीचं सगळ्यात जवळचं जिवंत नातं हत्तीशी आहे हे मी वाचलं होतं, पण वाचलेलं आणि पाण्यातून मोजता येतील अशी नखं दिसणं यात फरक आहे. गढूळ पाण्यात ही बाई माझ्याखालून गेली असती तर मला पत्ताही लागला नसता. पाठीवर तीन समांतर पांढरे ओरखडे होते, कुठल्यातरी मोटारबोटीच्या पंख्याचे. तिच्या मागं पिल्लू होतं. ते आमच्या होडीच्या सावलीत आलं, थोडं रेंगाळलं आणि आईच्या कुशीला गेलं. हात लावायचा नाही, हा तिथला कायदा आहे. हात लावायची इच्छा होते, हेही खरं.

थंडीत समुद्राचं आणि नद्यांचं पाणी २० अंशांच्या खाली गेलं की मॅनाटीला सोसत नाही, म्हणून ती झऱ्यांच्या उबेला येते. समुद्रातून सेंट जॉन्स नदी, तिथून ओक्लावाहा, तिथून इथं. वाटेत रॉडमन धरण आहे. फ्लोरिडाचा पूर्व आणि पश्चिम किनारा जोडायला एक कालवा खोदायचा होता, त्यासाठी १९६८ मध्ये ते बांधलं. मार्जोरी हॅरिस कार या बाईंनी आणि त्यांच्या साथीदारांनी लढा दिला, १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कालव्याचं काम थांबवलं. धरण मात्र उभंच राहिलं. त्याच्या वरच्या अंगाचे कित्येक झरे जलाशयात बुडाले, आणि मॅनाटीला वर यायचं तर जहाजांसाठी केलेल्या दारातून यावं लागतं. नदी मोकळी करा म्हणणारे आणि जलाशयात मासे गळाला लावणारे, यांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

झराही पूर्वीचा राहिलेला नाही. शेतांतल्या खतांचा, लॉनचा आणि शोषखड्ड्यांचा नायट्रेट त्यात उतरतो, शेवाळ वाढून गवतावर चढतं. भूजलाचा उपसा वाढला तसा ओघ घटला. जिथं पाण्याला तोटा नाही तिथंही बोअरच आडवं आलं, हे ऐकून मला दुःख झालं की थोडं बरं वाटलं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

रात्री भावाचा फोन आला. तो देवगावलाच शेती करतो. मी नखांचं सांगायला लागले तर म्हणाला, "ते राहू दे ताई, पाणी किती?" जुन्या मोजणीत दिवसाला साधारण ५० कोटी गॅलन सांगतात. मी जावयांकडून कागद मागून घेतला आणि हिशेब केला. पंधरा दिवसांत एक टीएमसी. वर्षाला चोवीस. जायकवाडीचा जिवंत साठा सुमारे ७६ टीएमसी, म्हणजे एक झरा दरसाल त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसता वाहून देत होता. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

"मग अडवत काहून नाहीत?"

मी त्याला रॉडमनचं सांगितलं. खाली धरण आहे, आणि निम्मे लोक ते फोडा म्हणतात, असंही सांगितलं.

"फोडा म्हणतात?" त्यानं दोनदा विचारलं. मग म्हणाला, "त्यांना म्हणावं, दरवाजे भंगारात नका घालू. आपल्या शिवना नदीवर लागतील."

आणि वहिनीला हाक मारून त्यानं हे पहिल्यापासून परत सांगायला घेतलं, फोन चालूच ठेवून.