बत्तीस माणसं

श्रीपेरुंबुदूरच्या आमच्या सोसायटीत ९६ फ्लॅट आहेत. मागच्या वर्षी रविवारच्या मीटिंगला नऊ जण आले आणि त्या नऊ जणांनी तळमजल्यावरच्या खोलीचं स्टोअररूम करायचं ठरवलं. झाडलोट करणाऱ्या पाच बायका दुपारी तिथे डबा खायच्या, जरा पाठ टेकायच्या. आता त्या जिन्याखाली बसायला लागल्या. मी घरूनच काम करते. पार्सल घ्यायला खाली उतरलं की त्यांच्या डब्यांना पाय लागू नये म्हणून जपून चालावं लागायचं.

चिडून आईला फोन केला. "९६ घरांचं नऊ जण कसं काय ठरवतात?"

"तू गेली होतीस का?"

नव्हते गेले. मीटिंग तमिळमध्ये असते, आपल्याला काय कळणार, असं म्हणून मी दोन वर्षं एकाही मीटिंगला गेले नव्हते.

आई नाशिकच्या आमच्या सोसायटीत सेक्रेटरी होती, तिला हे सगळं पाठ. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तिला गणपूर्ती म्हणतात. आई मात्र 'कोरम'च म्हणते. अर्धा तास थांबायचं, तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते! गावच्या ग्रामसभेचंही तेच. १५ टक्के मतदार किंवा १००, कमी असेल ते. तहकूब झाली की तीही अट सुटते. लोक येत नाहीत म्हणून कामं अडून राहू नयेत, हा त्यामागचा हेतू. पण विषय गुपचूप उरकायचा असेल त्यालाही ही सोय बरी पडते.

"नोटीस नीट वाच," आई म्हणाली. वाचली. 'सकाळी ११ वाजता; कोरम नसल्यास ११.३० वाजता त्याच जागी.' आमच्या नियमावलीत कोरम एक तृतीयांशाचा, म्हणजे ३२ जणांचा. त्याच नियमावलीत पुढे एक कलम सापडलं : दहा टक्के सभासदांनी सह्या केल्या तर खास सभा बोलवावीच लागते. मात्र अशा सभेला कोरम झाला नाही तर ती तहकूब होत नाही, रद्दच होते. (कंपनी कायद्यातही असंच आहे.) म्हणजे आम्हाला ११.३० ची सोय नव्हती. ३२ माणसं हवीच होती.

शेजारच्या अक्का आणि मी सह्यांसाठी दारोदार फिरलो. माझं तमिळ ऐकून लोक हसायचे, पण आत बोलवायचे. तेव्हा कळलं की निम्म्या घरांतली माणसं कारखान्यांत पाळीनं कामाला जातात आणि रविवारी सकाळी ११ वाजता रात्रपाळीवाले गाढ झोपलेले असतात. लोकांना आस्था नाही, असं मी खुशाल समजून चालले होते. आम्ही अर्जात वेळ मागितली संध्याकाळी ७ ची.

आमच्याच कांचीपुरम जिल्ह्यात उत्तिरमेरूर आहे. तिथल्या देवळाच्या भिंतींवर पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, इ.स. ९१९ आणि ९२१ चे, ग्रामसभेचे नियम कोरलेले आहेत. चिठ्ठ्या काढायच्या दिवशी लहानथोरांसकट सगळी सभा भरवायची, त्या दिवशी गावात असलेल्या पुजाऱ्यांपैकी एकानेही बाहेर राहायचं नाही, असं त्यात आहे. अर्थात ती सभा ब्राह्मण पुरुषांची; आमच्या जिन्याखालच्या बायकांना तिथे कोणी बसू दिलं नसतं. तशा आमच्या सभेतही त्या नव्हत्याच, कारण त्या सभासद नाहीत.

सभेच्या दिवशी सात वाजता २६ जण होते. सव्वासातला २९. मी दारात उभी राहून मोजत होते. सात पंचवीसला कंपनीची बस गेटपाशी थांबली आणि पाच जण गणवेशातच सभेला आले.

३४ जणांपैकी १९ खोली परत द्यावी म्हणाले, १५ नको म्हणाले. त्या १५ जणांपैकी एक काका मला नंतर म्हणाले, मग सामान ठेवायचं कुठे ते तूच सांग. ते सध्या पंपाच्या खोलीत ठेवलंय आणि तिथे ओल येते. तो विषय पुढच्या सभेत आहे, रविवारी, संध्याकाळी ७ वाजता.