हप्ता कमी, मुदत तीच

30 जून 2023 ला मी निवृत्त झालो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कारखान्यात एकतीस वर्षं हिशेब विभागात काढली. ऑगस्टपर्यंत पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 35 लाख रुपये खात्यात जमा झाले. एवढे आकडे मी जन्मभर लिहिले, पण ते कंपनीचे. स्वतःच्या नावापुढे पहिल्यांदाच पाहत होतो. त्याच बँकेच्या ॲपवर जरा खाली सरकलं की दुसरा आकडा दिसायचा : गृहकर्ज, बाकी 16 लाख, व्याजदर 9.1 टक्के, हप्ता 26,100, उरलेले हप्ते 83.

हे कर्ज 2016 चं. कोपरखैरण्यातलं वडिलांचं, म्हणजे आबांचं, माथाडी घर विकून नेरुळला सिडकोच्या जुन्या इमारतीत दोन खोल्या जास्तीच्या घेतल्या, त्यासाठी 25 लाख काढले. तेव्हा माझं वय त्रेपन्न. एवढ्या उशिरा पंधरा वर्षांचं कर्ज घेणं शहाणपणाचं नव्हतं, हे तेव्हाही कळत होतं. मुलाला सहकर्जदार केलं म्हणून बँकेनं दिलं. 2020 नंतर व्याजदर खाली आले तेव्हा ॲपवर हप्त्यांची संख्या आपोआप घटत होती आणि मी खूश होतो. मग मे 2022 पासून फेब्रुवारी 2023 पर्यंत रिझर्व्ह बँकेनं रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. हप्ता तोच राहिला, पण घटलेले महिने गुपचूप परत येऊन बसले.

आबा पाटणकडचे. मशीद बंदरला पाठीवर पोती वाहिली, बाजार वाशीला हलला तसे आम्हीही खाडी ओलांडून आलो. त्यांनी गावात सावकाराचं देणं पाहिलं होतं. जाताना ते मला एवढंच म्हणाले होते, "माघारी देणं ठिवून जाऊ नगंस." त्यामुळे माझा निर्णय पैसे येण्याआधीच झाला होता : 16 लाख एकदम भरायचे, घराचे कागद सोडवून आणायचे, देवासमोर ठेवायचे.

हिशेबही माझ्याच बाजूचा होता. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत त्या वर्षी 8.2 टक्के मिळत होते, आणि 2023 च्या अर्थसंकल्पानं तिथली मर्यादा 15 लाखांवरून 30 लाख केली होती. म्हणजे 8.2 नं पैसे ठेवायचे आणि 9.1 नं व्याज भरायचं. कारखान्यात असा व्यवहार कुणी माझ्या टेबलावर आणला असता तर मी तो परत पाठवला असता. पुढच्या 83 हप्त्यांत साडेपाच लाखांच्या वर नुसतं व्याज जाणार होतं.

एका रविवारी मी हे सगळं कागदावर मांडून हिच्यासमोर ठेवलं. ती मेथी निवडत होती. कागदाकडे न बघताच म्हणाली, "अहो, मेडिक्लेम कुठंय यात?"

कंपनीचा गट विमा निवृत्तीच्या दिवशी संपला होता. साठीत नवीन पॉलिसी घेतली होती, पण तिच्या गुडघ्यांना त्यात दोन वर्षांची प्रतीक्षा होती. गुडघे काही पॉलिसी वाचून दुखत नव्हते. ती पुढे म्हणाली, "भिंतीत घातलेला पैसा भिंतीतून काढता येतो का? उद्या लागले तर ही बँक तुम्हाला परत देईल? आज तुम्ही साठ वर्षांचे, पगार नसलेले."

मी चिडलो. आबांचं नाव काढलं. ती म्हणाली, "आबांचा सावकार महिन्याला किती टक्के घेत होता ते आधी सांगा." त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. गावच्या सावकाराचं देणं आणि रेपो दराला बांधलेलं बँकेचं कर्ज मी एकाच नावानं ओळखत होतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, महिन्याला पंधरा हजार मी देतो, कर्ज राहू द्या." त्याचा स्वतःचा हप्ता चालू आहे, मुलगी शाळेत जायला लागली आहे. नाही म्हटलं.

तुर्भ्याच्या धान्य बाजारात एका व्यापाऱ्याकडे हिशेबाचं काम मला मिळालं होतं, महिना पंधरा हजार. कर्मचारी पेन्शन योजनेचे 2,900. आम्हा दोघांचा खर्च, सोसायटीचा मेंटेनन्स धरून, बावीस हजारांच्या आसपास. सगळं कर्ज फेडलं तर हातात 19 लाख उरणार : 15 योजनेत, 4 मोकळे. काहीच फेडलं नाही तर 30 लाख योजनेत टाकून महिन्याला 20,500 व्याज, आणि हप्ता 26,100. हा दुसरा पर्याय म्हणजे व्याज येईल तसं बँकेला देऊन वर पदरचे साडेपाच हजार घालायचे. तो बाद.

शेवटी 10 लाख भरायचे ठरले. 6 लाख कर्ज ठेवायचं, 20 लाख योजनेत, 5 लाख साध्या मुदत ठेवीत. उरलेल्या 6 लाखांवर टक्केवारीतल्या फरकापायी वर्षाला साधारण 5,400 रुपये तोटा होता. तो मी वहीत ‘मोकळ्या पैशाचं भाडं’ म्हणून लिहिला. ही लिहिण्याची पद्धत कुठल्याही लेखापरीक्षकाला पटणार नाही, पण वही माझी होती.

योजनेत दोन वेगवेगळी खाती काढली, दहा-दहा लाखांची. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत खातं मोडलं तर दीड टक्का कापतात आणि अर्धं खातं मोडता येत नाही. दोन असली की एक मोडलं तरी दुसरं शाबूत राहतं.

खरा घोळ पुढेच झाला. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळे भरणं सोपं गेलं. पण महिनाभरानं पाहतो तर खात्यातून पुन्हा 26,100 गेलेले! बँकेनं हप्ता तसाच ठेवून महिने कमी केले होते. काउंटरवरची मुलगी समजावून सांगू लागली, "काका, यातच तुमचं व्याज वाचतं. सगळे असंच करतात." तिचं गणित बरोबर होतं. पगार चालू असताना मीही तेच केलं असतं, चार सहकाऱ्यांना तोच सल्ला दिलाही होता. पण ज्याला दर महिन्याला 26 हजार येतच नाहीत, त्यानं व्याज वाचवायचं की महिना काढायचा? मला मुदत तीच आणि हप्ता कमी हवा होता. तिनं मला ज्या साहेबांकडे पाठवलं ते रजेवर होते. तीन खेपा झाल्या, पत्र दोनदा दिलं, तेव्हा हप्ता 9,790 झाला.

2024 मध्ये सोसायटीच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं. स्लॅबची सळी बाहेर आली होती. सिडकोच्या जुन्या इमारतींत हे नवं नाही. दर घराला 1,85,000 आले. मार्च 2025 मध्ये हिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, पॉलिसीची प्रतीक्षा संपायला काही महिने बाकी असताना. थांबवत नव्हतं. त्याचे 2,75,000. म्हणजे दोन्ही मिळून 4,60,000. पाच लाखांच्या मोकळ्या ठेवीत ते बसलं.

इथं ‘बघा, मी सांगत नव्हते’ असं व्हायला हवं होतं. पण हिशेबनीस म्हणून सांगतो, सगळं कर्ज फेडलं असतं तरी चार लाख मोकळे असतेच. साठ हजार कमी पडले असते आणि ते मुलाकडून मागता आले असते. ती मात्र म्हणते, मागता आले असते हे तुम्ही म्हणता, मागितले असते का? नसते मागितले. खातं मोडलं असतं, दीड टक्का सोसला असता आणि तिला सांगितलंही नसतं.

फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रेपो एक टक्क्यानं उतरला आणि माझं कर्ज 8.1 टक्क्यांवर आलं. योजनेचे माझे 8.2 पाच वर्षांसाठी बांधलेले आहेत. म्हणजे आता कर्ज न फेडण्यात नफा आहे : उरलेल्या साडेचार लाखांवर वर्षाला साडेचारशे रुपये. दोघांचं एकदा बाहेर जेवण होईल. 55 हप्ते राहिलेत. कागद अजून बँकेत आहेत आणि देवासमोर जागा रिकामी आहे. माझी झोप त्यावाचून गेली नाही, याचं मलाच नवल वाटतं.

माझ्या वयाचं कुणी कर्जाचा काही भाग फेडणार असेल तर एकच सांगतो. ‘मुदत तीच ठेवावी, हप्ता कमी करावा’ हे वाक्य पैसे भरण्याच्या दिवशीच स्वतःच्या हातानं लिहून द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय काउंटरवरून उठू नका.