आधी काय, मग काय?

वरिष्ठ प्रोग्रॅमरच्या मुलाखतीत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. कामांची यादी दिलेली असते. कोणते काम कशाच्या आधी व्हायला हवे, तेही दिलेले असते. सगळी कामे पार पडतील असा क्रम लावून दाखवायचा. शास्त्रात यास ‘टोपोलॉजिकल सॉर्टिंग’ म्हणतात. नाव भारदस्त, पण पुरणपोळीचा घाट घालणाऱ्या प्रत्येक घरात हा व्यवहार चालतोच. डाळ शिजल्यावाचून पुरण नाही. पुरण आणि कणीक दोन्ही तयार झाल्यावाचून पोळी नाही. डाळ आधी की कणीक आधी, याला मात्र बंधन नाही. म्हणूनच बरोबर क्रम एकाहून अधिक असू शकतात.

ए. बी. कान यांनी १९६२ साली मांडलेली रीत मला फार आवडते. प्रत्येक कामापुढे, त्याच्याआधीची किती कामे बाकी आहेत तो आकडा लिहायचा. शून्यवाली कामे रांगेत उभी करायची. रांगेतले एक काम उरकले, की त्याच्यावाचून अडलेल्या प्रत्येक कामाचा आकडा एकाने उतरवायचा. शून्य झाला की तेही रांगेत. प्रत्येक काम आणि प्रत्येक बंधन एकदाच हाताळले जाते, म्हणून यादी लांबली तरी रीत दमत नाही.

एवढे तर पाठ करूनही लिहिता येते, आणि पुष्कळजण तसेच लिहितात. मी अशा मुलाखती घेतो. वीस ओळी न अडखळता लिहिणाऱ्या एका उमेदवाराला मी विचारले, “रांग संपली, पण सहा कामे उरली. आता?” तो गप्प झाला. कामे उरली म्हणजे कुठेतरी चक्र आहे: दाखल्यासाठी पावती हवी, पावतीसाठी दाखला. (कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही!) पण उरलेली सहाही कामे चक्रातच असतील असे नाही, काही बिचारी नुसती त्या चक्रामागे खोळंबलेली असतात. नोकरी द्यायची की नाही, हे माझ्या मते येथे ठरते.

दुसऱ्या एका मुलीने थोडा विचार केला आणि म्हणाली, “उरलेल्या प्रत्येक कामाआधी उरलेलेच एखादे काम असणार. कुठूनही मागे मागे जात राहीन. सहाच तर आहेत. एखादे नाव पुन्हा भेटेलच. तेथून तेथपर्यंत चक्र.”

कोड तिने नंतर लिहिला. त्यात एक स्वल्पविराम राहिला होता.