चढावरची गाडी

वय झालेल्या यंत्राविषयी आपल्याकडे दोनच मते प्रचलित आहेत. एक पक्ष म्हणतो, ते मोडीत घालावे. दुसरा म्हणतो, त्याला नव्याच्या तोडीचे करावे. या दोहोंमध्ये तिसऱ्या मतालाही जागा आहे, आणि ते मत आम्ही कोणत्याही ग्रंथातून नव्हे, तर एका जुन्या विजेच्या गाडीकडून शिकलो. तिची हकीकत वाचकांपुढे मांडावी असे बरेच दिवस मनात होते.

ही गाडी मूळची गोल्फच्या मैदानावरची. खेळाडूंना आणि त्यांच्या दांडक्यांच्या पिशव्यांना एका खळग्यापासून दुसऱ्यापर्यंत वाहून नेणे, एवढेच तिचे जन्मप्रयोजन. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे १९५१ च्या सुमारास मर्ल विल्यम्स यांनी ‘मार्केटिअर’ नावाने अशा गाड्या बनविण्यास आरंभ केला, आणि १९५४ साली जॉर्जियातील ऑगस्टा येथे ‘ई-झी-गो’ हा कारखाना निघाला. पुढे या गाडीने मैदान ओलांडले. जॉर्जियातील पीचट्री सिटी या गावात तर अशा गाड्यांसाठी दीडशे किलोमीटरांहून अधिक लांबीच्या निराळ्या वाटा बांधल्या आहेत. आपल्याकडेही रेल्वेस्थानके, प्राणिसंग्रहालये व मोठी रुग्णालये यांच्या आवारात ती आता परिचयाची झाली आहे.

आमच्या घरी ती आली ती मात्र खेळासाठी नव्हे. फोंडे महालातील आमचे घर डोंगराच्या पायथ्याशी आहे. मागे पोफळींचे कुळागर, आणि कुळागराच्या माथ्यावर बारमाही झर. झरीपाशी आमच्या पूर्वजांनी बांधलेली एक घुमटी आहे. तेथे तिन्हीसांजेला दिवा लावण्याचा नेम आमच्या वडिलांनी चाळीस वर्षे चालविला. अप्पा शाळामास्तर होते. नेम मोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. परंतु अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि डॉक्टरांनी चढ वर्ज्य केला. दोन वर्षे दिवा कामगाराच्या हातून लागत होता. अप्पा रोज सोप्यावर बसून झाडांमधून तो दिसतो का ते पाहत, आणि दिसला की आत येत. त्याविषयी एक अक्षरही ते कधी बोलले नाहीत. आम्ही वकील असल्यामुळे बोललेल्या तक्रारीचे काय करावे हे आम्हांस कळते. न बोललेली तक्रार अधिक कठीण असते.

एका क्लबाने निकालात काढलेली छत्तीस व्होल्टांची जुनी गाडी स्वस्तात मिळाली. सपाटीवर ती डुलत डुलत चाले. कुळागराच्या चढाला लागली की मात्र निम्म्या वाटेवर तिचा श्वास कोंडे. ‘तुमची गाडी माझ्याच वयाची दिसते,’ असा अप्पांनी शेरा मारला. गाडी पुन्हा शेडमध्ये गेली.

येथून आमच्या घरात दोन पक्ष पडले. आमचा पुतण्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याच्या मते रोगाचे नाव एकच, वेग कमी. आणि औषधही एकच, व्होल्ट वाढवा. गावातील मेस्त वृद्ध, अबोल, आणि हाताला काळे लागल्याशिवाय मत न देणारे. ते गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, ‘वेग वाडोवंक जाता, पूण उपरांत तिका थांबयतलो कोण?’ आमच्या व्यवसायात यालाच मूळ मुद्दा निश्चित करणे म्हणतात.

मुद्दा असा, की वेग आणि ताकद या एकच गोष्टी नव्हेत. या जुन्या गाड्यांच्या मोटरीचा वेग मुख्यतः तिला मिळणाऱ्या विजेच्या दाबावर ठरतो, तर ओढण्याची शक्ती तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर. सपाटीवर थोडका प्रवाह पुरतो; चढावर मोटर त्याच्या कितीतरी पट मागते. तो पुरविताना वाटेत जेथे जेथे अडथळा असेल तेथे दाब गळतो, आणि गाडी नेमकी गरजेच्या वेळी दुबळी होते. तेव्हा जुन्या गाडीत नवे काही घालण्यापूर्वी तिचे जुने कोठे गळते आहे ते शोधावे, हा मेस्तांचा पहिला सिद्धान्त.

आरंभ बॅटऱ्यांपासून झाला. सहा व्होल्टांच्या सहा, प्रत्येकी सुमारे अठ्ठावीस किलो वजनाच्या. गाडी उभी असता सहाही जणी मापकावर सारख्याच निरोगी दिसत. मेस्तांनी पुतण्याला चढावर गाडी हाकावयास लावली आणि स्वतः मापक धरून बसले. तेव्हा पाच जणींचा दाब पावणेसहाच्या आसपास टिकला. सहावीचा साडेचारांवर घसरला. ओळीने जोडलेल्या सहांत एक दुर्बळ असली की साऱ्यांची चाल तिच्या चालीने ठरते. जुन्यांत एकच नवी घातली तर तीही लवकर खचते, म्हणून सहाही बदलल्या. पुतण्याने लिथियमच्या बॅटरीचा पक्ष जोरात मांडला, आणि तो खोटा नव्हता: तिचे वजन शिशाच्या बॅटऱ्यांच्या तिसऱ्या हिश्श्याहून फारसे नसते, चढावर दाब फारसा ढळत नाही, आणि आयुष्यही कितीतरी अधिक. परंतु तिला साजेसा चार्जर लागतो, आणि तिच्या संरक्षक मंडलाला गाडीचा पूर्ण प्रवाह पेलता आला पाहिजे. दिवसाकाठी एका फेरीसाठी एवढा खर्च आम्हांस परवडणारा नव्हता.

मग तारा. गाडीबरोबर आलेल्या तारा बारीक होत्या आणि त्यांच्या टोकांवर हिरवटपांढरा थर चढला होता. प्रवाह दुप्पट झाला की तारेत वाया जाणारी उष्णता चौपट होते, हा शाळेतला नियम अप्पांनी सोप्यावरूनच ऐकविला. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने जोड धुऊन, जाड तांब्याच्या तारा घालून ते घट्ट आवळले. त्यानंतर मेस्तांनी गाडी सपाटीवर हाताने ढकलून पाहिली, ती ढकलवेना. मागच्या ब्रेकचे एक पाते ड्रमला सतत घासत होते, आणि चाकांत हवा निम्मीच होती. म्हणजे नव्या बॅटऱ्यांनी ओढावयाचा पहिला शत्रू गाडीच्याच पोटात बसला होता. पाती नवी घातली, हवा भरली, मोटरीचे झिजलेले कार्बन बदलले.

एवढे झाल्यावर गाडी, एकही अधिक व्होल्ट न मागता, चढाचा तीन-चतुर्थांश भाग चढली. उरलेल्या चौथ्या भागासाठी मेस्तांनी नियंत्रक बदलण्यास संमती दिली. नव्या नियंत्रकातून मोटरीला अधिक प्रवाह मिळतो, आणि त्यावरच कमाल वेगही बांधून ठेवता येतो. अधिक प्रवाह सोसावा म्हणून मुख्य चुंबकी कळही दणकट घातली. पुतण्याच्या यादीत आणखी तीन कलमे होती: अठ्ठेचाळीस व्होल्ट, मोठी चाके आणि वेगाचे गिअर. पहिल्याने वेग सुमारे एकतृतीयांशाने वाढतो हे खरे, पण मोटर, कळ, नियंत्रक, चार्जर या सर्वांना तो दाब मानवला पाहिजे. उरलेली दोन तर वेग देऊन चढण्याची शक्ती काढून घेतात. आमच्या दाव्यात ती प्रतिपक्षाची साक्षीदार ठरली असती. शिवाय अशा बहुतेक जुन्या गाड्यांना ब्रेक मागच्या दोनच चाकांना असतात. वेग दीडपट केला की थांबविण्याचे काम सव्वादोनपट होते. अमेरिकेतील मानकानेही गोल्फच्या गाडीचा वेग ताशी पंधरा मैलांवर रोखला आहे. आणि तेथील १९९८ च्या नियमान्वये ताशी वीस ते पंचवीस मैल धावणाऱ्या गाडीला दिवे, आरसे, आसनपट्टे असा सारा सरंजाम लागतो.

पुतण्याला ही गाडी बाजारापर्यंत न्यावयाची होती. त्याला आम्ही मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम २(२८) वाचून दाखविले. केवळ कारखान्यात वा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी केलेले विशेष वाहन ‘मोटार वाहन’ या व्याख्येत येत नाही. ही सवलत ‘केवळ’ या शब्दावर उभी आहे. फाटक ओलांडले की नोंदणी, विमा, परवाना हे सारे दारात हजर.

राहिले अप्पा. गाडी तयार झाली तरी ते बसावयास तयार नव्हते. ‘देवाकडे चालत जावे, गाडीत घालून नेतात ते सामान,’ असे त्यांचे म्हणणे. तेव्हा आम्ही त्यांना केसी मार्टिन या गोल्फपटूचा खटला सांगितला. त्याच्या उजव्या पायात जन्मतः रक्ताभिसरणाचा विकार होता. चालणे वेदनेचे आणि धोक्याचे. व्यावसायिक स्पर्धांत गाडी वापरू द्यावी, असे त्याने १९९० च्या अपंगांविषयीच्या कायद्याच्या आधारे मागितले. संघटनेचे म्हणणे, चालणे हा खेळाचाच भाग. २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या मते खेळाचे सार चेंडू मारण्यात आहे; चालणे त्या साराचा अंश नव्हे. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी भिन्न मत दिले, की खेळाचे सार काय हे ठरविणे न्यायालयाचे कामच नव्हे.

अप्पांनी सारे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, ‘मला ते दुसरे न्यायमूर्ती पटतात.’ आमची बोलती बंद झाली. पण घटकाभराने त्यांनीच विचारले, ‘दिवा लावण्याचे सार कशात, हे मात्र मी ठरवायचे, होय ना?’ आम्ही होकार दिला. चालकाच्या जागी स्वतः बसण्याची अट त्यांनी घातली; तीही मान्य झाली. ताशी आठ किलोमीटरांवर बांधलेली गाडी एका दमात माथ्यावर गेली. घुमटीच्या अलीकडे जेथे जमीन सपाट होते, तेथे त्यांनी गाडी थांबविली, काठी घेतली, आणि शेवटची चाळीसेक पावले चालत गेले. त्या दिवसापासून रोजचा क्रम हाच आहे. दोन्ही न्यायमूर्तींचा मान राखणारा असा तोडगा आम्हांस उभ्या वकिलीत सुचला नसता.

म्हणून जुन्या गाडीचा वेग वाढवू पाहणाऱ्यास आमचे एवढेच सांगणे, की प्रथम तिला कोठे जावयाचे आहे ते विचारा. पुष्कळदा तिला अधिक वेग नको असतो. वाटेत सांडणारे तिचे बळ तिला परत हवे असते. ते दिले की ती आपल्या चालीने चढते, आणि ती चाल तिच्या वयाला शोभते. आमच्या पुतण्याला हा न्याय अद्याप मान्य नाही. अठ्ठेचाळीस व्होल्टांचा त्याचा अर्ज आमच्यापुढे प्रलंबित आहे, आणि दर खेपेस आम्ही त्याला पुढील तारीख देतो.