पाणी ओटीवर येतं तेव्हा

‘माझ्या जीवनातील सर्वांत मोलाची गोष्ट’ हा विषय सराव परीक्षेत मी कितीदा दिला असेल, आठवत नाही. वीस वर्षं मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते, त्यामुळे एकच निबंध दोन भाषांत तपासायचा योग येतो. मराठीत मुलं आई-वडील आणि शिक्षण लिहितात, उर्दूत वालिदैन आणि इल्म. शेवटच्या परिच्छेदात आरोग्य येतं. गुण द्यावेच लागतात, कारण चुकीचं काही नसतं. मात्र तीस वह्या तपासून झाल्या तरी एकाही मुलाची नव्यानं ओळख होत नाही.

म्हणून नववीला मी विषय बदलून दिला. पाणी ओटीवर आलं आहे, हातात दहा मिनिटं आहेत. काय उचलाल?

आमच्या इन्सुलीत हा कल्पनेचा खेळ नाही. बाहेरच्या माणसाला इन्सुली ठाऊक असते ती मुंबई-गोवा हायवेवरच्या तपासणी नाक्यामुळे. गोव्याहून येणाऱ्या गाड्या इथं थांबतात, डिक्या उघडतात, पुढे जातात. गावाची खरी सत्ता मात्र तेरेखोल नदीकडे आहे. सह्याद्रीतून उतरते, ओटवणे, इन्सुली, बांदा, शेर्ले करत आरोंद्याच्या खाडीला लागते आणि तेरेखोल किल्ल्याजवळ समुद्राला मिळते. वर घाटात पाऊस कोसळत असेल आणि त्याच वेळी खाडीला भरती असेल, तर पाण्याला पुढे जायला वाट राहत नाही. मग ते बाजूला पसरतं. आधी शेतात, मग खळ्यात, मग पायऱ्या चढतं.

ऑगस्ट २०१९च्या पहिल्या आठवड्यात ते असंच चढलं. बांद्याची बाजारपेठ पाण्यात गेली. बकरी ईद १२ तारखेला, म्हणजे जेमतेम आठवड्यावर होती. पुन्हा २०२१मध्ये ईद २१ जुलैला झाली आणि त्याच आठवड्यात पाणी आलं. २२ जुलैला चिपळूण बुडालं आणि महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. तिथं ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या बातम्या ऐकल्यावर आमच्या भिजलेल्या गाद्यांबद्दल बोलायची कोणाला हिंमत झाली नाही.

२०१९च्या त्या रात्री घरात आम्ही चौघं होतो. मी, माझ्या दोन मुली आणि सासूबाई. त्यांना मीही अम्मीच म्हणते. अम्मींनी हुकूम सोडला, “आधी कुरआन शरीफ माळ्यावर ठेव, मग माझी सुपारीची डबी.” दोन्ही कामं त्याच क्रमानं झाली. मी कागदांची पत्र्याची पेटी उचलली. मोठीनं शाळेचं दप्तर घेतलं, धाकटीनं मांजर. तेवढ्यात शेजारचे काका कमरेएवढ्या पाण्यातून आले. मी कपाटाच्या खालच्या खणातल्या साड्या काढत होते. ते दारातूनच ओरडले, “बाई, आधी म्हातारेक भायर काढूया, कपाटाचा मगे बघू!” त्यांनी आणि त्यांच्या मुलानं अम्मींना खुर्चीसकट उचलून वरच्या वाडीत नेलं. त्यांच्या स्वतःच्या घरात तेव्हा गुडघाभर पाणी होतं. अम्मी खुर्चीत बसून दुआ पुटपुटत होत्या आणि मधूनच डबी घेतली का विचारत होत्या.

पेटीतल्या कागदांबद्दल एक सांगते. पूर ओसरल्यावर वाडीतल्या बायका कागद वाळत घालत होत्या. दोरीवर कपड्यांसारखे चिमटे लावून गुणपत्रिका, पासबुकं, रेशनकार्डं. नंतर कळलं की त्यातला जवळजवळ प्रत्येक कागद पुन्हा मिळतो. सातबारा आता ऑनलाइन निघतो. गुणपत्रिकेची दुसरी प्रत बोर्ड देतं. रेशनकार्डासाठी तहसीलच्या दोन फेऱ्या, पासपोर्टसाठी जास्त. त्रास होतो, पैसे जातात, पण अर्ज आणि शिक्का यांच्या बळावर वस्तू परत येते. तेव्हापासून मी घरातल्या गोष्टींकडे याच नजरेनं बघते. हिची दुसरी प्रत मिळेल का?

मुलांचे निबंध आले. दहा-बाराजणांनी मोबाइल लिहिला, ते अपेक्षितच होतं. एकानं शेळी, आणि लगेच हिशेब, की ती गाभण आहे म्हणजे तीन जीव वाचतील. एका मुलीनं आजीचं कानाचं यंत्र, कारण ‘ते नसलं तर आजी पाणी आलेलं ऐकूच शकणार नाही’. एका मुलानं सरळ लिहिलं की तो काहीच उचलणार नाही, धाकट्या भावाला पाठीवर घेईल आणि दोन्ही हात पोहायला मोकळे ठेवील. त्याचं शुद्धलेखन भयंकर होतं, तरी मी दहापैकी नऊ दिले.

आणि एकीनं मोबाइलच लिहिला होता, पण कारण निराळं होतं. तिचे अब्बा कुवेतला आहेत. रोज रात्री ते आवाजी निरोप पाठवतात. अभ्यास झाला का, जेवलीस का, इतकंच. तिनं चार वर्षांचे निरोप पुसलेले नाहीत. पुढे लिहिलं होतं, ‘अब्बा दोन वर्षांनी येतात तेव्हा त्यांचा खरा आवाज थोडा वेगळा वाटतो. मग सवय होते. मग ते जातात.’

ती वही मी घरी आणली आणि परत द्यायला दोन दिवस उशीर केला.

कोकणातल्या आमच्या समाजाला समुद्रापलीकडची रोजी नवी नाही. जहाजांवर खलाशी म्हणून गेलेले आजोबा, पणजोबा कित्येक घरांत सापडतात. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. १९७३नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाताचा दरवाजा उघडला, तेव्हा गावंच्या गावं बदलली. मातीच्या भिंती जाऊन चिरे आले, कौलं जाऊन स्लॅब आला. शिकायला पैसा आला. माझं बी.एड. मामांच्या कुवेतच्या कमाईतून झालं, ते मी कधी विसरत नाही. घरी बसून आखातात जाणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. मी ते करणार नाही.

मामा १९९०मध्ये परतले तेव्हा मी पाचवीत होते. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि तिथले भारतीय रस्त्यावर आले. अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी दोन महिन्यांच्या आसपास सुमारे एक लाख सत्तर हजार माणसं परत आणली. त्यांत आमचे मामा होते. बारा वर्षांची नोकरी आणि हातात एक बॅग. आम्ही मुलं बॅगेभोवती जमलो, चॉकलेटं असतील म्हणून. आत दोन जोडी कपडे, जानमाज आणि मामींनी पाठवलेल्या पत्रांचा गठ्ठा होता. टीव्ही, फ्रिज, साठवलेलं सगळं तिथंच राहिलं. नानी रडत होती आणि हसतही होती. मामा दीड वर्षानं पुन्हा गेले. जावंच लागलं, घरात लग्नाच्या तीन बहिणी होत्या.

आता माझ्या घराचं. मुलांचे अब्बा २००९पासून मस्कतला आहेत, एका कंपनीच्या गोदामात. थोरली तेव्हा दोन महिन्यांची होती. दर दोन वर्षांनी चाळीस दिवसांची सुट्टी. सोळा वर्षांत आठ वेळा आले. एका दुपारी ऑफ तासाला मी शाळेच्या रफ वहीत गुणाकार केला. तीनशे वीस दिवस. वर्षसुद्धा भरत नाही. त्या पैशांनी अम्मींचं हृदयाचं ऑपरेशन झालं, जमिनीचं कर्ज फिटलं, थोरली सायन्सला गेली. यातलं काहीही कमी मोलाचं नाही. तरी तो आकडा मला खोडता आला नाही.

कुरआनमधली १०३वी सूरह, अल-अस्र, तीनच आयतींची आहे. नमाजमध्ये पटकन होते म्हणून मुलं ती आधी पाठ करतात. तिची सुरुवात काळाच्या शपथेनं होते. सोन्याची नाही, घराची नाही. लहानपणी मौलवीसाहेबांकडे पाठ करताना हे कधी जाणवलं नव्हतं. त्या गुणाकारानंतरच्या फज्रला ती सूरह म्हणताना मी मध्येच थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

त्यांचा करार पाच महिन्यांनी संपतो. कंपनी आणखी दोन वर्षं द्यायला तयार आहे. प्रश्न घराचा आहे. पुढचं घर पाडून जोतं उंच करून बांधायचं आमचं ठरलं होतं. मिस्त्रीच्या मते २०२१चं पाणी चुकवायचं तर चिऱ्याचे चार थर वर घ्यायला हवेत, आणि त्याचा खर्च म्हणजे बरोबर ती दोन वर्षं. फोनवर ते मला सगळा हिशेब समजावतात. माझा पगार, त्यांची शिल्लक, धाकटीचं शिक्षण. हिशेबात चूक नसते. शेवटी मी विचारते, अम्मी अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, त्या कुठल्या रकान्यात धरल्या? मग पलीकडे काही वेळ नुसता पंख्याचा आवाज येतो.

अम्मींना विचारलं तर त्या म्हणतात, त्याला यायचं तेव्हा येऊ दे, मी कुठं जाते आहे. पण गेल्या रमजानमध्ये रोज इफ्तारला त्या दस्तरखानवर एक थाळी जास्त मांडायला सांगत होत्या. कोणी पाहुणा आला तर असावी, म्हणून. तीस दिवसांत पाहुणे दोनदा आले.

हा अंक आमच्याकडे येतो आणि मी त्याचे फोटो काढून मस्कतला पाठवते. तेव्हा हेही ते वाचतीलच. मिस्त्रीला मी गेल्या शुक्रवारी बोलावलं होतं. चारऐवजी दोन थरांचा अंदाज दे म्हटलं. तो म्हणाला, “बाई, मोठो पूर इलो तर पाणी भितुर येतला.” मी म्हटलं, येऊ दे, माळा मजबूत कर आणि जिना जरा रुंद ठेव, खुर्ची घेऊन दोघांना चढता आलं पाहिजे. त्यानं पेन्सिल कानावरून काढली आणि रुंदी मोजायला लागला.