पीसीओएस आणि घरगुती उपाय : मेथीचं पाणी किती, डॉक्टर किती?



आज जरा वेगळ्या विषयावर लिहिते आहे. मधल्या सुट्टीत, पुरुष शिक्षक बाहेर गेले की आपण दबक्या आवाजात जे बोलतो ना, त्यातलाच हा विषय. पीसीओएस. आपल्याकडे सगळ्या जणी 'पीसीओडी' म्हणतात तेच. मला स्वतःला हा त्रास आठ वर्षांपासून आहे. त्यामुळे मेथी, दालचिनी, पुदिना, आळशी असे सगळे सल्ले माझ्याही वाट्याला आलेले आहेत.

आधी हे नेमकं काय आहे ते बघू. नावावरून वाटतं की अंडाशयात गाठी झाल्या. तसं नसतं. सोनोग्राफीत जे बारीक ठिपके दिसतात, ते अर्धवट वाढून थांबलेले बीजकोष असतात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली याबद्दल पहिल्यांदा सविस्तर लिहिलं. बऱ्याच जणींच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम नीट होत नाही. मग शरीर ते आणखी तयार करतं आणि हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन वाढवायला लावतं. म्हणून पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, मुरमं जात नाहीत. काही जणींची मान काळी पडते. माझी पडली होती. "मान घासत जा गं जरा," असं मला भर हळदीकुंकवात सांगितलं गेलं. तो मळ नव्हता हो, इन्सुलिनची खूण होती!

आता उपायांकडे येऊ. रात्री चमचाभर मेथ्या भिजत घालायच्या आणि सकाळी उपाशीपोटी चावून खायच्या, हा सगळ्यात लाडका उपाय. मेथीत तंतू भरपूर असतात, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. इथपर्यंत ठीक. पण मेथीने पीसीओएस बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. पुदिन्याच्या चहाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. काही लहान अभ्यासांमध्ये तो रोज दोनदा प्यायलेल्या बायकांच्या रक्तातलं पुरुषी हार्मोन कमी झालेलं दिसलं. पण महिनाभरात चेहऱ्यावरचे केस मोजण्याइतके काही कमी झाले नाहीत. दालचिनीचंही तसंच, आशा आहे पण पुरावा थोडा. शिवाय बाजारात स्वस्त मिळते ती जाड सालीची दालचिनी रोज चमचे भरभरून खाल्ली तर यकृताला त्रास होऊ शकतो. चिमूटभर चहात टाका, हरकत नाही. आणि साखरेची गोळी चालू असेल तर मेथी रोज घेत असल्याचं डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण दोन्हींनी मिळून साखर जास्त खाली जाऊ शकते.

"गोळ्या म्हणजे केमिकल, झाडपाला म्हणजे नैसर्गिक," असं म्हणणाऱ्यांना मी एक गंमत सांगते. पीसीओएसमध्ये बऱ्याचदा देतात त्या मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा नावाच्या युरोपातल्या एका झुडपात आहे. हे झुडूप मेथीच्याच कुळातलं! त्यातला मूळ घटक विषारी होता, म्हणून त्याच्यासारखा पण सुरक्षित पदार्थ शोधला गेला आणि १९५७ साली फ्रान्समध्ये मधुमेहाचं औषध म्हणून तो पुढे आला. झाडाचं आहे म्हणून निर्धोक, असं नसतं ते हे असं.

मग नैसर्गिक असं खरोखर काय उपयोगी पडतं? चालणं. ऐकायला अगदी साधं आहे, म्हणून कुणी मनावर घेत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, जरा धाप लागेल इतकं भरभर. वर्गात बाकांमधून फिरतो ते यात धरू नका. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के कमी झालं तरी पाळीत फरक पडू शकतो. सत्तर किलोच्या बाईला ते साडेतीन ते सात किलो होतात, काही अशक्य नाही. सडपातळ मुलींनाही हा त्रास असतो बरं का, तेव्हा "बारीक हो" हे एकच औषध सगळ्यांना देऊ नये.

जेवणात मी भात निम्मा केला. ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, शेंगदाण्याची चटणी तर आमच्या सोलापूर भागात घरचीच. उपासाची साबुदाणा खिचडी सोडणं मात्र जड गेलं. प्रत्येक प्रशिक्षणात दोन-दोनदा येणारा गोड चहा आणि बिस्किटं त्याहून जड!

मागे एकीने मला अडीच हजारांची पावडर दाखवली. 'एकवीस दिवसांत पाळी नियमित.' डब्यावर घटकांची नावंच नाहीत. मी घेतली नाही. दिवस राहण्याची शक्यता असताना असलं काही पोटात घालणं मला धोक्याचं वाटतं. आणि पाळी तीन-तीन महिने येत नसेल तर पावडर, काढे यांत दिवस घालवू नका, तपासून घ्या. गर्भाशयाचं अस्तर साचून जाड होत राहतं, पुढे त्यातून कर्करोगाचाही धोका वाढतो. वयात आलेल्या मुलींची पाळी पहिली दोन-तीन वर्षं मागेपुढे होतेच, लगेच घाबरून त्यांना पीसीओएसचा शिक्का मारू नका.

"हिला मूल होणार नाही," हेही मी ऐकलंय. पाळी अनियमित असली तरी दिवस राहू शकतात, कधी आपोआप, कधी औषधाने. मला डॉक्टरांनी अंडं तयार होण्याच्या गोळ्या दिल्या आणि तिसऱ्या महिन्यात दिवस राहिले. मुलगी आता चार वर्षांची आहे. सासूबाई श्रेय मेथीला देतात. मी वाद घालत नाही.

दवाखान्यात जाताना मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा, घरात मधुमेह कुणाला आहे आणि घरचे कुठले काढे चालू आहेत, एवढं कागदावर लिहून न्या. तिथे "शेवटची पाळी कधी?" विचारलं की आपण आठवत बसतो. मी तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच हिरव्या पेनाने बारीक फुली करते. आमच्या ह्यांना बरेच दिवस ती दूध न आल्याची खूण वाटायची.